सत्तर गुणांची मोजपट्टी : नाण्यांची प्रतवारी सैल झाली का?

१/ अमेरिकेत जुन्या नाण्याचे मोल ठरवणारा आकडा १ ते ७० यांच्या दरम्यान असतो. ६४ की ६५, एवढ्या एका गुणाने किंमत कित्येक पट बदलू शकते. नाणे मात्र तेच असते. तेथील संग्राहकांचा एक जुना आक्षेप आहे : पूर्वी ज्या नाण्याला ६३ गुण मिळत, त्याला आज ६४ किंवा ६५ मिळतात. ‘ग्रेडफ्लेशन’, म्हणजे प्रतवारीतील महागाई, असे त्याचे नावही रूढ झाले आहे. या आक्षेपात तथ्य किती?

२/ ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांची. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि माणसांच्या देहयष्टीचेही त्यांनी १ ते ७ अशा आकड्यांत वर्गीकरण केले होते. १९४९ साली ‘अर्ली अमेरिकन सेंट्स’ या ग्रंथात १७९३ ते १८१४ या काळातील तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी त्यांनी ७० गुणांची पद्धत मांडली. (अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्या जागी त्यांनी हलक्या प्रतीचे सेंट ठेवल्याचे पुढे उघड झाले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर ते प्रकरण न्यायालयात गेले. मोजपट्टीच्या जनकाला प्रतीतील फरक किती बारकाईने कळत होता, याचा हा वेगळाच पुरावा!)

३/ शेल्डन यांचे गुण हे मुळात भावाचे गुणोत्तर होते. झिजून गुळगुळीत झालेले, जेमतेम ओळखू येणारे नाणे म्हणजे १. त्याला १ डॉलर पडत असेल, तर त्याच प्रकारच्या २० गुणांच्या नाण्याला २० डॉलर पडावेत आणि टांकसाळीतून निघाले तसेच निष्कलंक राहिलेल्या नाण्याला ७०. पुढे उत्तम नाण्यांचे भाव भडकले आणि हे गणित कोलमडले. आकडे मात्र टिकले. इतकेच नव्हे, तर ज्या चांदीच्या डॉलरसाठी आणि सोन्याच्या नाण्यांसाठी ते कधी आखलेच नव्हते, त्यांनाही ते लावले जाऊ लागले. बाजारभावातून जन्मलेली मोजपट्टी पुढेही बाजाराच्या कलाने सरकत राहिली, यात नवल नाही.

४/ १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने अधिकृत निकषांचे पुस्तक काढले. चलनात न आलेल्या नाण्यांसाठी त्यात आरंभी ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या होत्या. १९७९ पासून संस्था छायाचित्रासह प्रमाणपत्रही देऊ लागली.

५/ त्यानंतर जे घडले, ते आजच्या वादात सहसा विसरले जाते. १९८० च्या जानेवारीत सोन्याचांदीचे भाव शिगेला पोहोचले होते. त्या लाटेत नाण्यांवर ‘६५’ची खैरात झाली. लाट ओसरल्यावर निकष आवळले गेले. ६५ म्हणून घेतलेले नाणे चार-पाच वर्षांनी विकायला नेले, की व्यापारी ते ६३ असल्याचे सांगत. नाण्यावर नवा ओरखडाही पडलेला नसे, पण गुंतवलेली रक्कम मात्र गेलेली असे. म्हणजे प्रतवारी सतत सैलच होत गेली, हे चित्र खरे नाही. ती आधी सैल होती, मग आवळली गेली आणि पुन्हा सैल झाली.

६/ या अविश्वासातूनच १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या खासगी कंपन्यांचे काम सुरू झाले. नाणे त्रयस्थ तज्ज्ञांनी पाहायचे, ६० ते ७० यांच्यामधील प्रत्येक गुण वापरायचा आणि नाणे प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचे बंद करायचे. चूक झाल्यास भरपाईची हमीही त्यांनी दिली.

७/ ‘कायमचे’ हा शब्द फसवा ठरला. आपल्या नाण्याला गुण कमी मिळाले असे वाटले, की मालक पेटी फोडतो आणि नाणे पुन्हा पाठवतो. कधी दोनदा, कधी दहा वेळा. एकदा हवा तो आकडा मिळाला, की तो थांबतो. ज्याला चुकून जास्त गुण मिळाले, तो मात्र पेटीला हातही लावत नाही. अशा रीतीने खालच्या चुका दुरुस्त होतात आणि वरच्या साचत जातात. परीक्षकांनी निकष केसभरही बदलला नाही, तरी बाजारातील पेट्यांवरचे आकडे वर सरकत राहणार. आक्षेप घेणारे परीक्षकांच्या हेतूवर बोट ठेवतात. या चाळणीचा विचार क्वचितच होतो.

८/ तरीही सगळे खापर चाळणीवर फोडता येत नाही. जुन्या निकषात उंचवट्यांवर किंचितही झीज दिसली, की नाणे ६० च्या खाली जाई. आता तशी हलकी घासण ‘कपाटातली घासण’ मानून ६१ किंवा ६२ गुण दिले जातात. ही सरळ सैलावलेली रेघ आहे. पीसीजीएसच्या आरंभीच्या काळातील हिरव्या चिठ्ठीच्या पेट्यांना संग्राहक आजही जास्त पैसे मोजतात. त्यांतील फायद्याची बरीच नाणी केव्हाच फोडून नेली गेली असणार. तरी उरलेल्यांवर हा विश्वास टिकून आहे, हे बोलके आहे.

९/ २००७ मध्ये एनजीसीचे संस्थापक जॉन अल्बनीज यांनी सीएसी ही तपासनीस कंपनी काढली. इतरांनी पेटीबंद केलेली नाणी पाहून, आकड्याला साजेशा नाण्याच्या पेटीवर ती हिरवी चिकटी लावते. गुण कमी मिळाले असतील तर सोनेरी. २०१० मध्ये मूळ दोन्ही कंपन्यांनी आकड्यांपुढे अधिकचे चिन्ह देणे सुरू केले आणि पायऱ्या आणखी वाढल्या. त्याच कंपन्यांच्या पेट्यांतील ब्रिटिशकालीन रुपये आता भारतातल्या लिलावांतही दिसतात. आणि २०२३ पासून सीएसीच्या नावाने स्वतंत्र प्रतवारीही सुरू झाली आहे, स्वतःच्या पेट्यांसह.