शाळेच्या सभागृहातील मैफल



न्यूयॉर्क शहराच्या ग्रीनिच व्हिलेज या भागात एक सरकारी शाळा आहे. लोक तिला तिच्या क्रमांकाने, म्हणजे ४१ या आकड्यानेच ओळखतात. १९६१ सालच्या फेब्रुवारीच्या ११ तारखेला या शाळेच्या सभागृहात गायनवादनाचा एक कार्यक्रम झाला. शाळेचे सभागृह म्हणजे काय, ते आम्हां शिक्षकांना वेगळे सांगायला नको. तेथे मखमली पडदा नसतो, मंचाची फळी करकरते आणि पहिल्या रांगेतील श्रोत्याची खुर्ची गायकापासून चार हातांवर असते. त्या रात्री त्या मंचावर केंटकी राज्यातील डोंगराळ मुलखात कोळशाच्या खाणीत राबलेले रॉस्को होल्कोम्ब होते आणि त्यांच्याच बरोबर ‘ग्रीनब्रायर बॉइज’ ही शहरी तरुणांची मंडळीही होती. होल्कोम्ब यांचे गाणे जुन्या वळणाचे, तर या तरुणांचे ‘ब्लूग्रास’ पद्धतीचे.

या दोहोंतील नाते आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या ॲपलाचियन पर्वतराजीत स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून येऊन वसलेल्या लोकांनी फिडल, म्हणजे आपले व्हायोलिन, आणि लांबलचक कथागीते बरोबर आणली. बँजो मात्र आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. (आपल्याकडे मिरवणुकीत वाजणारा बेंजो तो हा नव्हे. त्याचे मूळ जपानी वाद्यात आहे.) नाचाच्या रात्री, घराच्या ओसरीवर आणि प्रार्थनामंदिरात हे संगीत वाढले. त्यात सगळी वाद्ये एकाच चालीभोवती एकदम वाजतात. कोणी कोणाच्या पुढे येत नाही.

ब्लूग्रास हे या घराण्यातील धाकटे अपत्य. तेही डोंगरात शेकडो वर्षे चालत आलेले असावे असा अनेकांचा समज असतो, पण आपल्याकडे बोलपट स्थिरावल्यानंतरचा हा जन्म आहे. केंटकीचे बिल मोन्रो यांनी ‘ब्लूग्रास बॉइज’ या नावाने मंडळी उभी केली आणि १९३९ साली ते नॅशव्हिलच्या नभोवाणीवरील ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात दाखल झाले. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे तीन बोटांनी बँजो वाजवणारे तरुण त्यांना येऊन मिळाले आणि या संगीताला आजचा वेग आला. येथे प्रत्येक वाद्य आळीपाळीने पुढे येते, आपली करामत दाखवते आणि मागे सरते. नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर घडलेली ही कला आहे.

१९६१ चा तो कार्यक्रम ज्यांनी घडवला, त्यांनी आपल्या संस्थेला ‘जुन्या वळणाच्या संगीताचे मित्र’ असे साधे नाव दिले होते. त्यांत छायाचित्रकार जॉन कोहेन होते, लोकसंगीताच्या पुस्तकांचे व तबकड्यांचे दुकान चालवणारे इझी यंग होते आणि स्वतः मँडोलिन वाजवणारे राल्फ रिन्झलर होते. १९६५ पर्यंत त्यांनी असे चौदा कार्यक्रम केले.

यांतील रिन्झलर यांची हकीकत जरा विस्ताराने सांगावीशी वाटते. १९६० साली नॉर्थ कॅरोलिनातील एका वादनस्पर्धेत त्यांची क्लॅरन्स ॲशली या गृहस्थांशी गाठ पडली. १९२९ च्या सुमारास ॲशलींच्या तबकड्या निघाल्या होत्या. पुढे मंदी आली, तबकड्यांचा धंदा बसला, आणि ॲशलींनी मालमोटारीवर माल वाहून पोट भरले. कित्येक वर्षे त्यांनी बँजोला हातही लावला नव्हता. १९५२ साली निघालेल्या जुन्या तबकड्यांच्या एका संग्रहामुळे शहरातील तरुण त्यांचे नाव जाणत होते. पण हा माणूस हयात आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. गावात ते टॉम म्हणून ओळखले जात, मग क्लॅरन्स कोणाला सापडणार?

त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी रिन्झलर पुन्हा गेले, तेव्हा साथीला डॉक वॉटसन नावाचे अंध वादक आले. त्यांच्या हातात होती विजेवर चालणारी गिटार! रिन्झलर यांनी ती चालणार नाही असे सांगितले. आपल्याजवळ दुसरी नाही आणि मागून आणलेल्या वाद्यावर आपण वाजवणार नाही, असे वॉटसन यांचे उत्तर. गोष्ट तेथेच संपायची. परंतु पुढे प्रवासात मालमोटारीच्या मागील भागात बसून रिन्झलर बँजो वाजवू लागले, तेव्हा वॉटसन यांनी तो मागून घेतला आणि असा वाजवला की रिन्झलर थक्क झाले. मुलगा अकरा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला स्वहस्ते बँजो करून दिला होता. त्यावर घरच्या मेलेल्या मांजराचे कातडे चढवले होते.

येथे थोडे थांबून मला एक शंका मांडायची आहे. गावातील माणसाने कोणते वाद्य वाजवावे, हे शहरातील माणसाने का ठरवावे? वॉटसन यांना संसार होता. ते पियानो जुळवून देण्याची कामे करीत आणि नाचाच्या एका बँडमध्ये विजेची गिटार वाजवून चार पैसे मिळवीत. त्या बँडमध्ये फिडलवादक नव्हता, म्हणून फिडलच्या द्रुत चाली त्यांनी गिटारवर बसवल्या. पुढे साध्या लाकडी गिटारवर याच चाली वाजवून त्यांनी गिटारवादनाची एक नवी पद्धत रूढ केली. म्हणजे ज्या वाद्याला रिन्झलर यांनी दारातच अडवले, त्यानेच हा हात तयार केला होता. रिन्झलर यांचा आग्रह फळाला आला हे मान्य. तो न्याय्य होता, असे मात्र मला म्हणवत नाही.

मार्च १९६१ मध्ये ॲशली, वॉटसन, त्यांचे फिडलवादक सासरे गेदर कार्लटन आणि शेजारपाजारचे दोन सोबती न्यूयॉर्कला आले आणि त्याच संस्थेच्या मंचावर वाजवून गेले. सहासष्ट वर्षांच्या घरातले ॲशली आणि अडतीस वर्षांचे वॉटसन, दोघांचेही दिवस त्यानंतर पालटले.

मोन्रो यांची अवस्था त्या काळात निराळी होती. रॉक अँड रोलच्या लाटेने त्यांचे श्रोते ओढून नेले होते आणि शहरात ब्लूग्रास म्हटले की स्क्रग्ज यांचेच नाव निघे. १९६३ साली रिन्झलर यांनी लेख लिहून या संगीताचे जनक मोन्रो आहेत असे मांडले, त्यांच्या कार्यक्रमांची व्यवस्था हाती घेतली आणि एक युक्ती योजली. मोन्रो व वॉटसन यांना त्यांनी दोघांनाच मंचावर बसवले. एक मँडोलिन, एक गिटार, दोन गळे. बाकी कोणी नाही. लॉस एंजेलिसच्या ‘ॲश ग्रोव्ह’सारख्या छोट्या जागी हे कार्यक्रम झाले.

या बैठकीत खरोखर कोण कोणाकडे आले? मोन्रो आठ भावंडांत शेंडेफळ. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतल्यामुळे यांच्या वाट्याला मँडोलिन आली. तीही आवाज फार होऊ नये म्हणून आठांपैकी चारच तारा लावून वाजवायची! पुढे चार्ली या भावाच्या गिटारीबरोबर त्यांनी १९३६ ते १९३८ या काळात साठ गाणी मुद्रित केली. मग भाऊ वेगळे झाले. त्या तबकड्या ऐकतच वॉटसन मोठे झाले होते. आता चार्लींच्या जागी ते बसले आणि तीच जुनी गाणी, तीच भक्तिगीते पुन्हा निघाली. बँजो नाही, फिडल नाही, आळीपाळीची चढाओढ नाही. ब्लूग्रासच्या जनकाला ब्लूग्रासच्या आधीच्या घरात परत जावे लागले, आणि तेथे सोबतीला होता तो भाऊ नव्हे, तर भावाचे वादन तबकडीवरून शिकलेला परका माणूस.

असे कार्यक्रम ते अधूनमधून १९८० पर्यंत करीत राहिले. कित्येकांचे ध्वनिमुद्रण रिन्झलर यांनी जपून ठेवले होते. १९९३ साली त्यांतील निवडक गाणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मोन्रो ब्याऐंशीच्या घरात होते, वॉटसन सत्तरीचे. पुढच्याच वर्षी रिन्झलर वारले.