बर्दवानचे तीस हजार दावे

बंगालमधील बर्दवान जिल्ह्याच्या दिवाणी अदालतीत १७९५ च्या सुमारास तीस हजारांवर दावे तुंबले होते आणि ते ऐकण्यासाठी जिल्ह्याला इंग्रज न्यायाधीश एकच होता. ब्रिटिश संसदेच्या समितीच्या १८१२ मधील 'पाचव्या अहवाला'त ही नोंद आहे. नवा दावा लावणाऱ्याच्या हयातीत निकाल लागण्याची आशा नव्हती, असेही त्यातून दिसते.

या तुंबाऱ्याचे मूळ कॉर्नवॉलिसच्या १७९३ च्या व्यवस्थेत होते. त्याने कलेक्टरांच्या महसुली कचेऱ्यांचा न्यायाधिकार काढून घेतला आणि खंडाचे सारे तंटे दिवाणी अदालतीकडे सोपविले. कोर्ट-फीही रद्द केली. हेतू चांगला होता. परंतु कायमधाऱ्यात जमीनदाराला सरकारी सारा ठरल्या मुदतीत भरावाच लागे, नाही तर जमिनीचा लिलाव होई. आणि रयतेकडून येणे असलेल्या खंडाचा त्याचा दावा मात्र वर्षानुवर्षे पडून राही. पन्नास रुपयांपर्यंतचे दावे चालविण्यासाठी हिंदी मुन्सिफ नेमले होते खरे. पण त्यांना पगार नव्हता, दाव्याच्या रकमेवर रुपयामागे एक आणा एवढेच मिळे.

सरकारने पहिला उपाय केला तो दार लोटून घेण्याचा. १७९५ साली कोर्ट-फी पुन्हा बसविण्यात आली आणि ती प्रलंबित दाव्यांनाही लागू झाली. ज्यांना ती भरता आली नाही त्यांचे दावे काढून टाकण्यात आले. १७९७ मध्ये फी आणखी वाढली. तुंबलेल्या दाव्यांचा आकडा उतरला, पण तक्रारी मिटल्या असे म्हणता येणार नाही; त्या फक्त दप्तरातून नाहीशा झाल्या.

दुसरा उपाय याहून कठोर होता. १७९९ च्या सातव्या रेग्युलेशनने थकबाकीदार रयतेची मालमत्ता अदालतीत न जाता जप्त करण्याचा अधिकार जमीनदाराला दिला. फारसीत 'हफ्तुम' म्हणजे सातवा. बंगालच्या रयतेने हा कायदा 'हप्तम' याच नावाने लक्षात ठेवला. खंडाच्या दाव्यांचा भार हलका करण्याची किंमत दाव्यातल्या दुबळ्या पक्षाने दिली.

खरा उपाय अनेक वर्षे समोर असूनही टाळला जात होता. तो म्हणजे न्याय देणाऱ्यांची संख्या व अधिकार वाढविणे. १८०३ मध्ये शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी सदर अमीन नेमण्यात आले. मुन्सिफाची मर्यादा १८१४ मध्ये चौसष्ट रुपये आणि १८२१ मध्ये दीडशे रुपये झाली. मोठे पाऊल पडले ते बेंटिंकच्या १८३१ च्या पाचव्या रेग्युलेशनने. मुन्सिफाला तीनशे, सदर अमीनाला हजार आणि नव्याने निर्माण केलेल्या प्रधान सदर अमीनाला पाच हजार रुपयांपर्यंतचे दावे चालविता येऊ लागले. यात उदारपणा किती आणि काटकसर किती, हा प्रश्न उरतोच. हिंदी न्यायाधीश इंग्रजापेक्षा पुष्कळ स्वस्त पडत असे. १८३७ मध्ये फारसीचा मान गेला आणि उत्तर हिंदुस्थानातील अदालतींत उर्दू आली. त्यामुळे पक्षकाराला निदान आपल्या दाव्यात काय लिहिले आहे हे ऐकून समजू लागले.

या नव्या वर्गाचे सुपरिचित उदाहरण म्हणजे सर सय्यद अहमद खान. १८४१ साली ते मैनपुरीस मुन्सिफ झाले, १८५५ मध्ये बिजनौरला सदर अमीन आणि १८५८ मध्ये मुरादाबादला सद्र-उस्-सुदूर. मुन्सिफीच्या परीक्षेला बसणाऱ्यांसाठी दिवाणी कायद्याचे सारही त्यांनी तयार केले होते. शिक्षणकार्यापूर्वीचा हा त्यांचा दीर्घ काळ चरित्रलेखक सहसा चार ओळींत आटोपतात. मुंबई इलाख्यातही ही पदे होती. लोकहितवादी काही काळ वाईला मुन्सफ होते. बंगालमध्ये १८६८ च्या कायद्याने सदर अमीन हे नाव गेले आणि मुन्सिफ तेवढा राहिला.

आज भारताच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत. विधी आयोगाने १९८७ च्या आपल्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश असावेत असे सुचविले. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते प्रमाण पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठण्याचा आदेश दिला. ते अद्याप निम्म्यापर्यंतही पोहोचलेले नाही.