लॅकॉकचा वाडा

आज आपण जाऊ इंग्लंडमधल्या विल्टशायरला. तिथे लॅकॉक गावात एक मोठा दगडी वाडा आहे. मुळात मात्र तो वाडा नव्हता. १२३२ मध्ये एला नावाच्या एका विधवा जहागीरदारणीने तिथे नन्ससाठी मठ उभारायला घेतला. पुढे ती स्वतः नन झाली, मठाची प्रमुखही झाली.

तीनशे वर्षं तिथे बायकांचाच कारभार. मग आठव्या हेन्री राजाने देशातले मठ मोडले. १५३९ मध्ये लॅकॉकच्या नन्सना पेन्शन देऊन बाहेर काढलं. उताऱ्यावर नाव कुणाचं, हा विषय आपल्या बैठकीतही निघतोच ना?

विल्यम शॅरिंग्टनने ती जागा विकत घेतली. चर्च पाडलं, कोपऱ्यात आठकोनी मनोरा चढवला आणि नन्सच्या वरच्या मजल्यावर आपला संसार थाटला. खालच्या कमानींच्या ओवऱ्या तेवढ्या ठेवल्या. आम्हाला विचाराल तर यात दया कसली? वरचं घर त्यांच्यावरच तर उभं होतं!

गंमत पुढे आहे. दोनशे वर्षांनी, १७५० नंतर, वारसदार टॅलबट घराण्याने जुन्या चर्चसारख्या टोकदार कमानींचा नवा दिवाणखाना बांधला. त्याच घराण्यातल्या हेन्री फॉक्स टॅलबटने १८३५ मध्ये तिथल्याच एका खिडकीचा फोटो काढला. त्याची इवलीशी निगेटिव्ह अजून जपलेली आहे.

१९४४ मध्ये मटिल्डा टॅलबट या मालकिणीने वाडा आणि गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. एलाच्या थडग्याची शिळा आजही त्या ओवऱ्यांत आहे.