१२. सुपरनोव्हा किती वेळा?

पवनानगरच्या धरणकाठावरून सुपरनोव्हा पाहण्याची लेखकाची आशा रास्त असली, तरी आपल्या आकाशगंगेतला नुसत्या डोळ्यांनी दिसलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ सालचा. म्हणून शास्त्रज्ञ इतर दीर्घिकांवर पाळत ठेवून मोजदाद करतात. त्यात एक मेख आहे. श्वेतबटूच्या स्फोटाचा ‘१ए’ प्रकार अधिक तेजस्वी, त्यामुळे लांबूनही दिसतो आणि यादीत त्याचाच भरणा होतो. अंतराचा हिशेब धरला की चित्र पालटते. कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींच्या पुढाकाराने पालोमार वेधशाळेत २०१८ साली सुरू झालेल्या ‘झेडटीएफ’ सर्वेक्षणानुसार, एका १ए मागे गाभा कोसळून होणारे सुमारे चार स्फोट घडतात. आपल्या आकाशगंगेचा अंदाज शतकाला दोन-तीन. त्यातले बरेच धुळीआड राहतात. — संपा.