प्रोग्रॅमरविना ॲप्लिकेशन : डेटाबेसवर आधारित नो-कोड साधनांचा इतिहास

प्रास्ताविक

महाविद्यालयातील एखादा विभाग आपल्या माजी विद्यार्थ्यांची नोंद ठेवू इच्छितो. विभागातीलच एक प्राध्यापक संगणकावर बसून दोन-तीन दिवसांत नोंदणीचा फॉर्म तयार करतात, त्यामागे तक्ते उभे करतात, कोणास काय दिसावे हे ठरवितात आणि ही सर्व व्यवस्था आंतरजालावर उपलब्ध करून देतात. या कामी त्यांना प्रोग्रॅमची एक ओळही लिहावी लागत नाही. ज्या साधनांमुळे हे शक्य होते त्यांना नो-कोड साधने म्हटले जाते. अशा साधनांचा परिचय बहुधा अगदी अलीकडची क्रांती म्हणून करून दिला जातो. वस्तुतः ही आकांक्षा आंतरजालाहून पुष्कळ जुनी आहे. प्रस्तुत लेखात तिच्या वाटचालीचा आढावा घेताना एका प्रश्नाचा शोध घ्यावयाचा आहे. प्रोग्रॅम लिहिण्याचे श्रम वाचले हे खरे. परंतु जे पूर्वी प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असे, ते आता कोठे असते आणि कोणाच्या ताब्यात असते?

तक्त्याची कल्पना

या इतिहासाचा आरंभ १९७० पासून मानणे सयुक्तिक ठरेल. त्या वर्षी आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची संकल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. तोपर्यंत संगणकातील माहिती वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे वा जाळ्याप्रमाणे साठविली जात असे. हवी ती नोंद मिळविण्यासाठी तिच्यापर्यंत जाणारी वाट प्रोग्रॅमरला ठाऊक असावी लागे. साठवणुकीची रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावे लागत. माहिती यंत्रात कशी रचलेली आहे हे जाणून घेण्याची गरजच वापरणाऱ्यास पडू नये, ही कॉड यांची मूळ भूमिका होती. त्यासाठी त्यांनी निवडलेले रूप म्हणजे साधा तक्ता.

या भूमिकेतून दोन वाटा फुटल्या. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल ही प्रश्नभाषा मांडली. पुढे तीच एसक्यूएल या नावाने रूढ झाली. ही भाषा प्रामुख्याने प्रोग्रॅमर नसलेल्या व्यावसायिकांसाठी योजलेली होती, हे आज सांगूनही खरे वाटत नाही, कारण एसक्यूएल ही प्रोग्रॅमरचीच भाषा होऊन बसली. तत्पूर्वी १९६० च्या सुमारास कोबोलच्या बाबतीतही असेच घडले होते. इंग्रजी वाक्यांसारखी रचना ठेवली म्हणजे व्यवस्थापकांना प्रोग्रॅम वाचता येतील अशी आशा होती. कोबोल टिकली, व्यवस्थापक मात्र तिच्याकडे फिरकले नाहीत.

दुसरी वाट आयबीएमचेच संशोधक मोशे झ्लूफ यांची. त्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास 'उदाहरणाने प्रश्न' ही पद्धती विकसित केली. पडद्यावर रिकामा तक्ता दिसे. वापरणाऱ्याने ज्या रकान्यात अट असेल तेथे ती लिहावयाची आणि जो रकाना हवा तेथे खूण करावयाची. वाक्य रचण्याऐवजी रकाना भरणे, हे त्या पद्धतीचे सार होय. आजच्या बहुतेक सर्व नो-कोड साधनांचे मूळ येथे सापडते. तथापि इतिहासलेखनात कॉड यांचे नाव जितक्या वेळा येते तितके झ्लूफ यांचे येत नाही, हे काहीसे अन्यायाचे आहे.

जेम्स मार्टिन यांनी १९८२ मधील आपल्या ग्रंथाला 'प्रोग्रॅमरविना ॲप्लिकेशन विकसन' अशा अर्थाचे शीर्षकच दिले. संस्थांना हव्या असलेल्या ॲप्लिकेशनची मागणी प्रोग्रॅमरच्या संख्येपेक्षा फार वेगाने वाढत आहे, म्हणून वापरणाऱ्यांनीच ती तयार करावीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा साधनांच्या समर्थनार्थ आजही हाच युक्तिवाद जवळजवळ त्याच शब्दांत केला जातो.

टेबलावरील डेटाबेस

अमेरिकेतील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरच्या छोट्या संगणकासाठी डेटाबेसचा एक प्रोग्रॅम लिहिला. कार्यालयातील फुटबॉलच्या पैजेत सामन्यांच्या निकालांचा अंदाज बांधता यावा, एवढाच त्यांचा उद्देश होता. ॲश्टन-टेट कंपनीने तो डीबेस टू या नावाने विकला. त्याच वळणावर फॉक्सप्रो आले. ती कंपनी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये विकत घेतली. त्याच वर्षी ॲक्सेस बाजारात आले आणि त्यातील प्रश्न तयार करण्याची खिडकी म्हणजे झ्लूफ यांच्या रकान्यांचेच नवे रूप होते.

महाराष्ट्रातील वाचकास हा कालखंड परका नाही. १९९० च्या दशकात अनेक संगणक अभ्यासक्रमांत डीबेस व फॉक्सप्रो शिकविले जात आणि वेतनपत्रके, ग्रंथालयाच्या नोंदी यांसाठी फॉक्सप्रोमधील प्रोग्रॅम वापरात होते. या साधनांत थोडेफार प्रोग्रॅमिंग करावे लागे, म्हणून त्यांना काटेकोर अर्थाने नो-कोड म्हणता येणार नाही. परंतु त्यांचा एक विशेष लक्षात ठेवला पाहिजे. तक्ता, फॉर्म आणि नियम हे सर्व आपल्याच संगणकावरील फाइलींत असे. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोची नवी आवृत्ती निघणार नसल्याचे २००७ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये त्यास साहाय्य देणेही थांबविले. तरीही कोणाचा चालू प्रोग्रॅम त्या दिवशी बंद पडला नाही.

आंतरजालावरील स्थलांतर

आंतरजालाने हे सोपे काम पुन्हा अवघड केले. एखादा तक्ता संकेतस्थळावर दाखवावयाचा तर पानासाठी एक भाषा, सर्व्हरवरील प्रोग्रॅमसाठी दुसरी आणि डेटाबेससाठी एसक्यूएल, अशा किमान तीन भाषा जाणणे आवश्यक झाले. अलेअर कंपनीचे कोल्डफ्यूजन १९९५ मध्ये आले ते हा भार हलका करण्यासाठीच. त्यानंतरच्या प्रयत्नांपैकी ओरॅकलचे एपेक्स विशेष उल्लेखनीय आहे. माइक हिचवा आणि जोएल कॉलमन यांना कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी दिनदर्शिकेचे ॲप्लिकेशन करावयाचे होते. ते करता करता त्यांनी ॲप्लिकेशन तयार करणारे साधनच घडविले. ते २००४ मध्ये एचटीएमएल डीबी या नावाने ग्राहकांपर्यंत पोहोचले आणि २००६ मध्ये त्यास ॲप्लिकेशन एक्स्प्रेस हे नाव मिळाले. प्रारंभी या साधनाला स्वतःचा पडदाच नव्हता. ॲप्लिकेशनमध्ये बदल करावयाचा म्हणजे त्याचे वर्णन ज्या तक्त्यांत साठविलेले असे त्या तक्त्यांतील ओळी एसक्यूएलने बदलावयाच्या. या बारीकशा तपशिलात या साधनांचे अंतरंग स्पष्ट दिसते. येथे ॲप्लिकेशन हेच तक्त्यांतील ओळींच्या रूपाने साठविलेले असते. कोणता फॉर्म, त्यात कोणते रकाने, कोणास कोणती मुभा, हे सर्व माहिती म्हणून साठविले जाते आणि साधनाचे इंजिन ते वाचून प्रत्येक वेळी पान उभे करते.

२००६ च्या आसपास ही कल्पना भाड्याने मिळणाऱ्या सेवेच्या रूपात आली. चेन्नईत विकसनाचे मुख्य काम करणाऱ्या ॲडव्हेंटनेटने, म्हणजे २००९ नंतरच्या झोहोने, झोहो क्रिएटर आणले. कॅनडातील व्हँकुव्हर येथून डॅबल डीबी आले, अमेरिकेत कॉगहेड आले. पुढे २०१५ मध्ये एअरटेबल आले. फॉरेस्टर या संस्थेने २०१४ मध्ये 'लो-कोड' हा शब्द वापरात आणल्यावर या साऱ्या व्यवसायाला एक नावही लाभले. झोहो क्रिएटरमध्ये नियम लिहिण्यासाठी डेल्यूज नावाची छोटी भाषा आहे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. फॉर्म ओढून-सोडून तयार होतो. पण 'अमुक झाले तर तमुक करावे' हे सांगण्याची वेळ आली की कोणत्या तरी स्वरूपात भाषा परत येतेच.

आणखी एक गोष्ट परत येते, ती म्हणजे तक्त्यांची रचना. गुणांच्या नोंदीचेच उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्याचे नाव, पत्ता, विषय आणि गुण हे सर्व एकाच तक्त्यात ठेवले, तर सहा विषय घेणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव सहा वेळा लिहिले जाते. एके ठिकाणी 'कुलकर्णी' तर दुसरीकडे 'कुळकर्णी' होते, आणि ती दोन व्यक्ती ठरते. विद्यार्थी, विषय आणि गुण असे तीन तक्ते करून ते क्रमांकाने जोडावेत, ही कॉड यांची शिकवण होय. डॅबल डीबीने या बाबतीत खरोखर काही साधले होते. वापरणाऱ्याने आपला जुना एकसंध तक्ता तेथे चिकटवावा आणि काम करता करता त्यातील एखादा रकाना वेगळा काढून त्याचा स्वतंत्र, जोडलेला तक्ता करावा, अशी सोय त्यात होती. एअरटेबलमध्येही दुसऱ्या नोंदीशी दुवा जोडण्याचा प्रकार रकान्यासाठी निवडता येतो. साधन दुवा जोडून देते. कोणता रकाना वेगळा काढावयाचा, हे मात्र ज्याला त्या कामाची माहिती आहे त्यालाच ठरवावे लागते. या बाबतीत प्राध्यापक वा कार्यालयीन अधीक्षक हे प्रोग्रॅमरपेक्षा सरस ठरतात, असे माझे मत आहे.

बंद झालेल्या सेवा

फेब्रुवारी २००९ मध्ये कॉगहेड बंद होत असल्याची घोषणा झाली. तिची बौद्धिक संपदा सॅप कंपनीने घेतली. परंतु सेवा चालू ठेवण्याची जबाबदारी घेतली नाही. ग्राहकांना एप्रिलअखेरपर्यंतची मुदत मिळाली. आपली माहिती त्यांना उतरवून घेता येत होती. ॲप्लिकेशनचे वर्णनही एक्सएमएल स्वरूपात मिळत होते, पण ते वाचू शकणारे इंजिन कॉगहेडखेरीज कोणाजवळच नव्हते. डॅबल डीबी करणाऱ्या कंपनीस ट्विटरने २०१० मध्ये विकत घेतले आणि २०११ मध्ये ती सेवा संपली.

ही नवोदित कंपन्यांची चंचलता होती असे म्हणावे, तर पुढील दोन उदाहरणे आडवी येतात. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ३६५ वरील ॲक्सेस वेब ॲप्स बंद करण्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि एप्रिल २०१८ मध्ये त्या बंद केल्या. गूगलचे ॲप मेकर जून २०१८ मध्ये सर्वसाधारण वापरासाठी खुले झाले. जानेवारी २०२० मध्ये ते बंद होणार असल्याचे कळविण्यात आले आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ते थांबले. त्याच सुमारास गूगलने ॲपशीट ही दुसरी कंपनी विकत घेतली होती. ॲप मेकरमधील ॲप्लिकेशन दुसऱ्या मंचावर थेट हलविता येणार नाही, हे गूगलने स्वतःच स्पष्ट केले होते. क्लाउड एसक्यूएलमध्ये ठेवलेले तक्ते मात्र जागच्या जागी सुरक्षित राहिले.

प्रत्येक वेळी तक्ते वाचले आणि फॉर्म व नियम गेले, याला कारण आहे. एसक्यूएलचे अमेरिकन प्रमाणीकरण १९८६ मध्ये व आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९८७ मध्ये झाले. त्यामुळे एका डेटाबेसमधील तक्ते दुसऱ्यात नेणे कष्टाचे असले तरी अशक्य नसते. फॉर्म, परवानग्या आणि कामाचे नियम यांच्या वर्णनासाठी या साधनांनी मिळून पाळावे असे कोणतेही प्रमाण रूढ झालेले नाही. प्रत्येक कंपनी ते आपल्या तक्त्यांत, आपल्या पद्धतीने साठविते. फॉक्सप्रोच्या काळी जे आपल्या डिस्कवर होते ते कंपनीच्या सर्व्हरवर गेले, आणि गेले ते अशा लिपीत की अन्य कोणास ती वाचता येत नाही.

विभागाचे काम कोणत्या नियमाने चालते, प्रवेश अर्ज कोणाकडून कोणाकडे जातो, सवलत कोणत्या अटीवर मिळते, हे अनेकदा कागदावर कोठेच लिहिलेले नसते. ते प्रथमच शब्दबद्ध होते ते अशा साधनात. म्हणून सेवा बंद होते तेव्हा संस्थेची नुकतीच लिहून काढलेली कार्यपद्धती तिच्याबरोबर जाते.

यावर दोन प्रकारचे उपाय झालेले दिसतात. एपेक्समधील ॲप्लिकेशन एका मजकुराच्या फाइलीत निर्यात करता येते आणि ओरॅकलच्या दुसऱ्या डेटाबेसवर पुन्हा उभे करता येते; तेथे एपेक्स असणे मात्र आवश्यक असते. दुसरा उपाय मुक्तस्रोत साधनांचा. बेसरोसारखे साधन संस्थेला स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते. अशा वेळी इंजिनही आपल्याजवळच राहते. त्या सर्व्हरची देखभाल, प्रतिलिपी आणि सुरक्षा पाहण्यासाठी मात्र एक जाणकार व्यक्ती नेमावी लागते, आणि महाविद्यालयाच्या मंजूर पदांत तिच्यासाठी जागा शोधावी लागते.