पुण्याचा खेळ आणि क्वालालंपूरचे अजिंक्यपद



कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसांनी बॅडमिंटनच्या इतिहासावर बोलावे, याचे आपल्यांपैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही खेळाडू नव्हे आणि विद्वानही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचन घडले ते संघटनेच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर. परंतु खेळाचा इतिहास हा वेळेचा, जागेचा आणि वेतनाचाही इतिहास असतो, अशी आमची समजूत आहे, आणि या तीन गोष्टींसाठी भांडण्यातच आमचे आयुष्य गेले. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

आरंभ आपल्या गावापासूनच करू. कारध्याला वैनगंगेच्या काठी संध्याकाळी उभे राहिले म्हणजे खांद्यावरचा पंचा सावरावा लागतो. बॅडमिंटनच्या फुलाचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास असते. बुचाच्या बुडात सोळा पिसे खोवलेली, एवढाच त्याचा जीव. वाऱ्याची झुळूक आली की ते भरकटते. यास्तव या खेळाचे मोठे सामने बंद दालनातच होतात. ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद अशी जागा, वर उंच छप्पर आणि चांगला उजेड एवढे असेल तेव्हाच खेळ होतो. ज्याच्यापाशी छप्पर त्याचा हा खेळ, हे सूत्र ध्यानात ठेवले की पुढचा इतिहास आपोआप उलगडत जातो.

फूल हवेत झेलत ठेवण्याचा खेळ फार जुना आहे. मध्ये जाळी बांधून त्याला सामन्याचे रूप दिले ते हिंदुस्थानातील इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी. पुण्याच्या छावणीत तो असा रुजला की काही काळ त्याला 'पूना' याच नावाने ओळखत. १८७० नंतरच्या दशकात त्याचे नियम लिहिले गेले. रजेवर मायदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडात नेला आणि ब्युफर्टच्या ड्यूकच्या 'बॅडमिंटन' नावाच्या वाड्यावरून त्याचे नवे बारसे झाले. गावाचे नाव पुसले आणि वाड्याचे नाव राहिले. १८९३ साली इंग्लंडात या खेळाची संघटना उभी राहिली. १८९९ साली 'ऑल इंग्लंड' स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी तीत केवळ दुहेरी सामने होते, एकेरी दुसऱ्या वर्षापासून. पुढे कित्येक वर्षे हीच स्पर्धा जगाचे अजिंक्यपद म्हणून मानली जाई.

१९३४ साली आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. संस्थापक देश नऊ : इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, डेन्मार्क, हॉलंड, फ्रान्स, कॅनडा आणि न्यूझीलंड. ज्या भूमीवर या खेळाला जाळी मिळाली, त्या हिंदुस्थानचे नाव या यादीत नाही. त्याचा प्रवेश दोन वर्षांनी, १९३६ साली झाला. आम्हां संघटनेच्या लोकांना हा अनुभव नवा नाही. माल जेथे तयार होतो तेथील माणसांना सभेचे आमंत्रण बहुधा उशिराच पोहोचते.

तरीही आपली माणसे खेळत राहिली. प्रा. दि. ब. देवधर यांना आपण क्रिकेटमुळे ओळखतो. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी १९४० नंतरच्या दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. १९४७ च्या मार्चमध्ये लाहोरचे प्रकाश नाथ ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले आणि स्वीडनच्या जेप्सेनकडून पराभूत झाले. त्याच महिन्यात त्यांचे लाहोर दंग्यांच्या आगीत जळत होते.

यानंतर आली थॉमस चषकाची सांघिक स्पर्धा. सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्ये ती सुचवली, पण महायुद्धामुळे पहिली स्पर्धा १९४८-४९ मध्ये झाली. इंग्लंडमधील प्रेस्टन येथे अंतिम सामन्यात मलायाने डेन्मार्कला ८-१ असे हरवले. मलाया तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता. त्याला स्वातंत्र्य मिळाले ते १९५७ साली. १९५२ आणि १९५५ मध्येही चषक मलायाकडेच राहिला. याच १९५२ च्या स्पर्धेत आपल्या संघाने डेन्मार्कवर मात केली आणि अमेरिकेविरुद्ध अवघ्या एका सामन्याच्या फरकाने, ५-४ असा, तो हरला. छावणीत जन्मलेला खेळ छावणीबाहेरच्यांनी हाती घेतला होता.

या पार्श्वभूमीवर नंदू नाटेकर यांचे महत्त्व कळते. जन्म सांगलीचा, १९३३ चा. आधी टेनिसचे वेड. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. १९५४ साली ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. १९५६ साली क्वालालंपूरला त्यांनी सेलांगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळवले. परदेशातील आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्या काळी मलायात जाऊन जिंकणे म्हणजे परगावच्या पैलवानाने कोल्हापुरात जाऊन कुस्ती मारण्यासारखे होते. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच तुकडीत त्यांचे नाव होते. २०२१ साली ते पुण्यात निवर्तले. ज्या पुण्याने खेळाला पहिले नाव दिले, त्याच पुण्यात.

येथवर अभिमानाची गोष्ट झाली. आता हिशेबाची सांगितली पाहिजे. त्या काळी या खेळाचे आंतरराष्ट्रीय सामने 'हौशी' खेळाडूंसाठीच असत. जिंकणाऱ्याला मानचिन्ह मिळे, रोख बक्षीस घेणे नियमाबाहेर होते. नियम दिसायला मोठा सोज्वळ. पण त्याचा अर्थ असा होतो की ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवर पेटते, त्याने या दालनात पाऊल टाकू नये. आमच्या भागातील विडी कामगाराला हजार विड्यांवर मजुरी मिळते. सरावाच्या दोन तासांत किती विड्या बुडाल्या, हे त्याच्या घरातले पोरही तोंडी सांगेल. अशा घरातल्या मुलाला 'हौशी हो' म्हणणे म्हणजे 'उपाशी राहा' म्हणणेच होय.

१९७९ साली हा दरवाजा उघडला आणि पैशाच्या बक्षिसांचे सामने सुरू झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील अशा स्पर्धेत प्रकाश पदुकोण विजयी झाले आणि १९८० मध्ये लिम स्वी किंगला हरवून ते ऑल इंग्लंडचे अजिंक्यवीर झाले. आम्ही तेव्हा शाळकरी पोरे. त्या आठवड्यात पाट्यांची रॅकेट आणि कोंबडीच्या पिसांचे फूल करून खेळल्याचे आठवते. वाऱ्याने फूल नदीकडे नेले आणि आमचा डाव आटोपला!

पुढचा प्रवास आपणांस ठाऊक आहे. २००१ साली पुल्लेला गोपीचंद ऑल इंग्लंड जिंकले. २०१९ साली पी. व्ही. सिंधू जगज्जेती झाली. १५ मे २०२२ रोजी बँकॉकला भारताने इंडोनेशियाला ३-० असे हरवून थॉमस चषक प्रथमच जिंकला. त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता. त्याच वर्षी जानेवारीत नागपूरच्या मालविका बनसोडने दिल्लीच्या स्पर्धेत सायना नेहवालसारख्या खेळाडूवर सरळ डावांत विजय मिळवला. नागपूर येथून साठेक किलोमीटर. म्हणजे अजिंक्यपदाची वाट आता आपल्या उंबरठ्यापासून फार दूर राहिलेली नाही.

आणखी एका माणसाचे नाव घेतल्याविना आम्हांस थांबता येत नाही, आणि त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही. बंगालमध्ये हावडा जिल्ह्यातील उलुबेरिया भागात कारागीर पिसे निवडून, कातरून, बुचात बसवून फुले बनवतात. एक पीस वाकडे बसले तर फूल सरळ जात नाही. इतिहासात जिंकणाऱ्याचे नाव लागते, ते लागावेच. परंतु फूल करणाऱ्याचा हातही त्या सामन्यात खेळत असतो.

मग कारध्याने काय करावे? व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे, एवढ्यासाठी आम्ही आलो नाही. वाऱ्याशी कोणी भांडू शकत नाही, छप्परासाठी मात्र भांडता येते. गावोगावी सभामंडप उभे राहतात, मंगल कार्यालये बांधली जातात. त्यांतले एखादे बांधताना छप्पर थोडे उंच घ्यावे, जमिनीवर चार पांढऱ्या रेघा ओढाव्यात आणि संध्याकाळचे दोन तास ती जागा मुलामुलींसाठी फुकट, कोणाचीही शिफारस न मागता, मोकळी ठेवावी. एवढा ठराव करण्यास ग्रामसभा पुरेशी आहे. येथून अजिंक्यवीर निघेल की नाही, याची हमी आम्ही देत नाही. विडी वळणाऱ्या बाईची मुलगी त्या रेघांच्या आत उभी राहील, एवढी हमी आपण सर्वांनी मिळून देऊ शकतो.