समुद्राच्या तळची स्वामिनी

भूगोल शिकवितांना एस्किमो लोकांचा धडा आला कीं बर्फाचें घर, कुत्र्यांची गाडी आणि सीलचें मांस एवढें सांगून मी पुढें जात असें. ते लोक स्वतःस इन्युइट, म्हणजे ‘माणसें’, म्हणवितात, हेंही मीं मुलांस कधीं सांगितलें नाहीं. मग त्यांच्या देवतांची गोष्ट दूरच राहिली.

१८८३-८४ सालीं फ्रान्झ बोआस हा जर्मन संशोधक कॅनडाच्या उत्तरेस बॅफिन बेटावर राहिला. तेथें त्यानें सेडनेची कथा टिपून घेतली. मनुष्यरूप घेतलेल्या पक्ष्यानें तिला भुलवून नेलें. बाप तिला होडींतून परत आणूं लागला, तों पक्ष्यांनीं वादळ उठविलें. भयानें बापानें पोटच्या मुलीसच पाण्यांत लोटलें. तिनें होडीचा कांठ धरला, तेव्हां त्यानें तिचीं बोटें पेरापेरानें तोडिलीं. त्या पेरांचे सील व देवमासे झाले, आणि पुढें ती सागरतळाशीं त्यांची स्वामिनी झाली.

माणसांनीं विधिनिषेध मोडले कीं त्याचा मळ तिच्या केसांत सांचे, ती प्राण्यांस कोंडून ठेवी आणि वर उपासमार होई. मग अंगाक्कुक, म्हणजे त्यांचा मांत्रिक, देहभान हरपून खालीं जाई व तिचे केस विंचरी. बिचारीला बोटें कोठें होतीं?

इतकें भय कशासाठीं? क्नूद रासमुसेन १९२१ ते १९२४ पर्यंत या प्रदेशांत हिंडत होता. त्याला इग्लूलिककडील एका जाणत्यानें सांगितलें कीं, आमचें सारें अन्न म्हणजे आत्मेच, आणि जगण्यांतला मोठा धोका तोच आहे. मारलेल्या सीलच्या तोंडांत गोडें पाणी घालीत, तें याच जाणिवेनें. आउआ नांवाच्या मांत्रिकास रासमुसेन चालीरीतींचीं कारणें पुसूं लागला, तेव्हां तो त्याला वादळांत बाहेर घेऊन गेला. रिकाम्या हातीं परतणारे शिकारी, थंडीनें कुडकुडणारीं मुलें व आजारी पडलेली स्वतःची बहीण दाखवून, हें असें कां, असें त्यानें उलट विचारिलें. रासमुसेनजवळ उत्तर नव्हतें. मला तर हा प्रसंग साऱ्या कथांहून मोठा वाटतो.

मरणोत्तर लोकांविषयीं एकवाक्यता नव्हती. पश्चिम ग्रीनलंडमध्यें उबदार व अन्नानें भरलेला लोक खालीं, तर थंडीचा व भुकेचा लोक आकाशांत मानीत. इग्लूलिककडे मात्र बुडून किंवा खून होऊन मेलेले आकाशांत वॉलरसच्या कवटीनें चेंडू खेळतात व तोच रात्रींचा उत्तरप्रकाश, अशी समजूत होती.

आज बहुतेक इन्युइट ख्रिस्ती आहेत. तरी मृताचें नांव नवजात बालकास देण्याची चाल टिकून आहे. नांवाबरोबर मृताचा कांहीं अंशही बालकांत येतो, म्हणून आईचें नांव मिळालेल्या तान्ह्या मुलीस बाप ‘आई’ म्हणूनच हांक मारतो.